मांडीवरचा हात

माझा हात थरथरतो हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. आधी बाजारातल्या बायकांना कळलं, मग शेजारच्या भाजीवालीला, मग आमच्या ह्यांना. हात माझा, आणि बातमी गावाला!

मी केजची कासारीण. लग्न होऊन आले तेव्हापासून बांगड्या भरते, त्याला तीस वर्षं होत आली. केजचा बाजार, दिंद्रुडचा बाजार, नारायणगडाची यात्रा आणि लग्नसराईत घरोघर. बांगड्या विकायला काय, कुणीही विकतं. भरणं वेगळं. भरायला समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यावा लागतो. अंगठ्याखालचं मांस दाबून दाबून मऊ करायचं, बोटांची हाडं एकमेकांजवळ आणायची आणि तिचं लक्ष दुसरीकडं असताना बांगडी मनगटावर न्यायची. म्हणून माझं तोंड सारखं चालू असतं. "माहेरी कधी गेलतीस गं?" म्हटलं की बाई सांगायला लागते, आणि हात आपोआप सैल सोडते. नवऱ्यालासुद्धा न सांगितलेल्या गोष्टी बायकांनी मला बांगड्या भरताना सांगितल्यात. त्यातली एकही मी बाहेर काढली नाही. बडबडी आहे, पण चुगलखोर नाही.

त्या दिवशी दिंद्रुडच्या बाजारात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. समोरून एक म्हातारी चालली होती, ती थांबली.

"बाई, तुजा हात कावून हलायलाय?"

"कुठं हलायलाय?" म्हणून मी खाली बघितलं. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत होता. तंबाखू मळावी तसा. मी हात उचलला, थांबला. परत मांडीवर ठेवला, थोड्या वेळानं सुरू झाला. "दमलाय," मी म्हणाले. म्हातारी बांगड्या न बघताच पुढं गेली.

पदराखाली

त्यानंतर मी हात पदराखाली ठेवायला लागले. ही माझी पहिली चूक. झाकलं की लोकांना जास्तच दिसतं.

केजच्या बाजारात एका नव्या सुनेला बांगड्या भरताना एक बांगडी पिचली आणि तिच्या मनगटाला ओरखडा गेला. डझनात एखादी पिचतेच, तीस वर्षांत किती पिचल्या असतील देव जाणे. पण त्या दिवशी तिची सासू माझ्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघत होती. पुढच्या बाजारी त्या दोघी समोरच्या दुकानात बसलेल्या मला दिसल्या. मग दुसऱ्या गेल्या, मग तिसऱ्या. कुणी वाईट बोललं नाही हो. "काकू, आज नको, घाईत हाय," एवढंच. त्या घाईतल्या बायका मला नंतर अर्धा तास भेळ खाताना दिसायच्या.

मला गिऱ्हाईक गेल्याचं जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं हात गेल्याचं वाटलं. मला हातांची सवय होती. शेतात खुरपून खरबरीत झालेले, पिठाचा वास येणारे, लोण्यासारखा मऊ अंगठा असलेले, मेंदी अजून ओली असलेले. दिवसाला वीस-वीस हात माझ्या हातातून जायचे. ते थांबले तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी एकटी कधी नव्हतेच.

नाव ठेवलं त्या दिवशी

शेवटी हे मला मोठ्या गावातल्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेले. गर्दी होती. डॉक्टरांनी माझा हात मांडीवर ठेवायला लावला, बघितला, मनगट वर-खाली करून पाहिलं, उठून चालायला लावलं. मग विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

मी म्हणाले, "काहीच न्हाई."

हे शेजारीच उभे होते. त्यांनीही मान हलवली. आणि आम्ही दोघंही अगदी खरं बोलत होतो, असं आम्हाला वाटत होतं.

"कंपवात आहे," डॉक्टर म्हणाले. "हा बरा होत नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो." अजून बरंच बोलले. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मला दिसत होती आमची रेणू.

रेणू माझी एकुलती एक. नर्स आहे, अंबाजोगाईला एका दवाखान्यात. तेव्हा तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून माझ्या टोपलीशेजारी बसून म्हणायची, "माज्या लग्नात चुडा तूच भरायचा, दुसऱ्या कुनी न्हाई." मी म्हणायचे, "मग काय शेजारीण भरंल?" आमच्या कासारांत आई आपल्या लेकीला चुडा भरतेच असा काही नियम नाही. पण मी तालुक्यातल्या निम्म्या नवरी पोरींच्या हातात हिरवा चुडा भरला होता, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच हात असायचा.

येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. धारूरचा घाट लागला तसे हे माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "रेणूला फोनवर सांगू नको. पोरगी घाबरंल." आणि माझा थरथरणारा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. चारचौघांत त्यांनी माझा हात धरला तो लग्नातल्यानंतर पहिल्यांदाच. मी म्हटलं, "लोक बघायलेत." म्हणाले, "बघू दे."

घरात बसलेलं वर्ष

नव्या गोळ्यांनी मळमळायचं. मळमळलं की छातीत जळजळ व्हायची. त्यावर माझ्याकडं उपाय होताच: पित्ताची कॅप्सूल. अडीच-तीन वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी एक घेत होते. बाजारच्या दिवशी वेळेवर खाणं नाही, वरून चहावर चहा, मग पित्त होणारच. कधीतरी कुणीतरी लिहून दिलेली ती कॅप्सूल. मग मेडिकलवाल्याला नुसता रिकामा पत्ता दाखवला की तो नवा द्यायचा. आता मळमळ वाढली म्हणून मी एकाच्या दोन केल्या. एक सकाळी, एक संध्याकाळी.

आणि माझी तब्येत घसरत चालली. पाय फरशीला घासायला लागले. ब्लाऊजचं हूक लावायला वेळ लागायचा. थोरल्या जाऊबाई एकदा म्हणाल्या, "तुजं तोंड असं कावून झालंय गं? हसत बी न्हाईस, रडत बी न्हाईस." मी हसतच होते, पण चेहऱ्यावर ते येत नव्हतं. आरशात बघितलं तर दगडाची बाई.

ह्यांनी बाजाराला जाणं बंद केलं माझं. चांगल्या मनानंच केलं, पण आमचं त्यावरून वाजलं. "पडलीस तर?" म्हणायचे. मी म्हणायचे, "घरात बसून मरायचं का मग?" टोपली माळ्यावर गेली. मी ओट्यावर बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायकांची मनगटं बघायचे. हिच्या हाताला अडीच लागते, हिला सव्वादोन. हिनं कुठल्या तरी अडाण्याकडून भरून घेतल्यात, ढिल्या आहेत. मांडीवरचा हात आपला चालूच. काम नसलं की तो जास्त हलायचा, आणि तो हलतो म्हणून मला काम नाही. काय म्हणावं या तऱ्हेला?

त्यातच रेणूचं लग्न ठरलं. परळीकडचे लोक, चांगली माणसं. घरी आली तेव्हा तिनं मला चालताना बघितलं, आणि ओढणी तोंडाला लावली. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मेंदूच्या. संभाजीनगरला." हे म्हणाले, "रोगाला नाव तर ठेवलंय आता." रेणू म्हणाली, "ठेवू द्या. परत बघायला काय जातंय?"

थरथरणाऱ्यांची रांग

संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात बाकावर आम्ही सहा-सातजण होतो आणि प्रत्येकाचं काहीतरी हलत होतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वर्षभरात पहिल्यांदा मी पदर बाजूला केला.

माझ्याशेजारी एक गुरुजी होते. त्यांचे हात मांडीवर शांत, पण चहाचा कप उचलला की निम्मा चहा बशीत. म्हणाले, "बाई, मी माळकरी माणूस. आयुष्यात थेंब घेतला नाही. पण गावात सगळे म्हणतात, गुरुजी प्यायलेत." पलीकडं एका पोरीसोबत आलेली बाई होती. तिचा हात मांडीवरही गप्प आणि उचलतानाही गप्प, पण चष्म्याला बोट लावायला गेली की जवळ पोचल्यावर सैरभैर व्हायचा. मी आपली बघत बसले. तोपर्यंत मला वाटत होतं, थरथर म्हणजे थरथर. इथं तर प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

डॉक्टर बाई होत्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्यांना घाई नव्हती, हीच त्यांची पहिली मेहेरबानी. हात मांडीवर ठेवून शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले. मी म्हटलं, "डझनानं म्हणू का? ते मला झोपेत बी येतं." त्या हसल्या. मी आकडे म्हणत होते आणि हात जोरात हलत होता. मग हात पुढं लांब धरायला लावले. मग एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला. कागदावर आतून बाहेर जिलबी काढायला. नाकाला बोट, त्यांच्या बोटाला बोट.

"मावशी, हात बसल्यावर जास्त हलतो का काम करताना?"

मी म्हणाले, "बाई, मला काम कुनी दिलंच न्हाई वर्षभर. मला काय म्हाईत?"

"काय काम करता तुम्ही?"

मी सांगितलं. त्यांनी सफाईच्या मावशींना आत बोलावलं आणि मला म्हणाल्या, "यांना भरून दाखवा एक बांगडी."

कासारणीच्या पिशवीत चार बांगड्या नसतील असं होत नाही. मी पिशवी मांडीवर उपडी केली. बांगड्यांची पुडी निघाली, रुमाल निघाला, मिश्रीची डबी निघाली आणि कॅप्सूलचा पत्ता निघाला. मी पुडी सोडली. त्या मावशींचा हात हातात घेतला. फिनेलनं भेगाळलेला, हाडाचा हात. मी विचारलं, "गाव कोणतं तुमचं?" त्या सांगायला लागल्या, आणि माझा हात थांबला. हळू चालत होता, पहिल्यासारखा चपळ नव्हता, पण थरथर नव्हती. बांगडी गेली मनगटावर. दुसरी गेली. तिसरीही गेली.

मी रडायलाच लागले. डॉक्टरबाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "बघा मावशी, काहींचा हात काम करताना थरथरतो, काहींचा नेमक्या जागेवर पोचताना. तुमचा निवांत बसल्यावर थरथरतो, कामाला लागला की गप्प होतो. अशी थरथर कंपवातात असते हे खरं. पण आणखीही एका कारणानं असते." आणि टेबलावरचा पत्ता उचलला. "हे कुठलं औषध?"

"ते औषध न्हाई," मी म्हणाले. "ती पित्ताची गोळी हाय."

रेणू माझ्यामागं उभी होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

डॉक्टरबाईंनी मग नीट समजावलं. त्या कॅप्सूलमध्ये पित्ताच्या औषधासोबत दुसरं एक औषध असतं. ते फार दिवस घेतलं तर काहींना हुबेहूब कंपवातासारखं होतं. हात हलतो, चाल मंदावते, चेहरा थिजतो. "ही बंद करायची. कंपवाताच्या गोळ्या मी हळूहळू कमी करीन. सहा महिने तरी बघायचं. थरथर गेली तर ती या कॅप्सूलची होती. राहिली तर मुळात आजार आहे, आणि या गोळीनं तो वर काढला. आज मी शब्द देत नाही."

पहिल्या डॉक्टरांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी विचारलं होतं, मीच नाही म्हणाले. आमच्याकडं औषध म्हणजे आजारी पडल्यावर घेतात ते. पित्ताची, गुडघ्याची, झोपेची, ही नुसती गोळी. तुम्ही दवाखान्यात जाल तेव्हा घरातले सगळे पत्ते पिशवीत टाकून न्या, चूर्ण आणि काढेसुद्धा, आणि डॉक्टरांसमोर ओता. आणि माझं वाचून आपल्या मनानं कुठली गोळी बंद करू नका. विचारून करा.

चुडा

सहा महिने म्हणाल्या, आणि लग्न दीड महिन्यावर आलेलं!

चाल थोडी सुधारली, चेहरा थोडा हलला. हात मात्र मांडीवर ठेवला की सुरू. काम करताना थांबतो, हे मला आता माहीत होतं, पण ते मला आणि त्या डॉक्टरबाईंना. पाहुण्यांना कुठं माहीत?

चुडा भरायच्या दिवशी अंगणात पाट मांडला. रेणू हळदीच्या साडीत बसली. परळीच्या बायकाही आल्या होत्या. हिरव्या बांगड्या मी स्वतः निवडून आणल्या होत्या, एकेक बोटावर वाजवून. मी समोर बसले आणि पुडी सोडायच्या आधी हात क्षणभर मांडीवर टेकला. सगळ्यांच्या देखत हलायला लागला. कुणीतरी कुणाच्या तरी कानाशी लागलं. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "बघ बाई, नवरीचा चुडा हाय. पिचली एखादी तर चार लोक काय बी बोलतील." त्यांना माझी काळजीच होती. वाईट हेतूनं नव्हत्या बोलल्या.

रेणूनं हात पुढं केला.

मी उठले. "चहाचं बघून येते," म्हणाले, आणि आमच्या नात्यातल्या एका दिरांना म्हटलं, "भाऊजी, तुमी भरा." आत स्वयंपाकघरात जाऊन गॅससमोर उभी राहिले. गॅस पेटवलाच नव्हता. बाहेर बराच वेळ काही वाजलं नाही. मग बांगड्यांचा आवाज आला, एका हाताचा, मग दुसऱ्या हाताचा. एकही पिचली नाही. भाऊजींचा हात चांगला आहे.

आता

आज त्याला दहा महिने झाले. हात मांडीवर शांत असतो. चीड आली किंवा थंडी वाजली की बोट जरा हलतं. डॉक्टरबाई म्हणतात लक्ष ठेवू, दर चार महिन्यांनी येत जा. टोपली माळ्यावरून खाली आली. पहिल्या बाजाराला तीनच बायका बसल्या माझ्यापुढं. त्यातली एक त्या ओरखडा गेलेल्या सुनेची सासू होती. मी फक्त तिचा हात इतर बायकांच्यापेक्षा जरा जास्त वेळ दाबला. आता वीस नाही, पण दहा-बारा हात तरी होतात दिवसाला.

आणि तरी मन भरत नाही. कुठल्याही नवरीचा हात हातात घेतला की मी आतून त्या अंगणात जाते. लोक म्हणतात, बरी झालीस, नशीब समज. समजते. पण जे राहून गेलं ते गोळी बंद केल्यानं परत येत नाही. रेणूला दवाखान्यात काचेच्या बांगड्या चालत नाहीत. लग्नाची रजा संपली तशी तिनं चुडा उतरवला, आणि आता तिचे दोन्ही हात मोकळे.

मागच्या आठवड्यात ती दोन दिवस आली होती. दुपारी जेवून आम्ही दोघी बाजेवर पडलो होतो. इतके महिने जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"त्या दिवशी तुला राग आलता का गं?"

"राग न्हाई आला." ती वर आढ्याकडं बघत होती. "काकांनी दोनदा विचारलं, भरू का म्हणून. मी म्हणलं थांबा, आई येतीय."

मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, बाहेर पुड्या सोडत असतील म्हणून वेळ लागला. मी म्हणाले, "तुज्या संसाराला काय अपशकुन नको म्हणून उठले गं. पिचली असती एखादी तर..."

"फुटली असती तर फुटली असती, आई."

आम्ही कासार बांगडी फुटली असं म्हणत नाही. पिचली म्हणतो, नाहीतर वाढवली. नवरीच्या बांगडीबद्दल तर तो शब्द कुणी ओठावरसुद्धा आणत नाही. माझ्या पोरीनं तो सरळ उच्चारला, अगदी साध्या आवाजात.

"दुसरी भरली असतीस," ती म्हणाली. "मला बांगड्या कुठं पाहिजे व्हत्या? मला तुजा हात पाहिजे व्हता. हलला असता तर हलला असता."

इतके महिने मी स्वतःची समजूत घालत होते की आजारानं मला उठवलं. आजारानं नव्हतं उठवलं. मी लोकांना भ्याले होते.

तिची एसटी चारची होती. निघेपर्यंत मी तिचा हात धरून बसले, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.